माझे घरात उडणारे हेलिकॉप्टर

बालमित्रांनो, मागच्या अंकात 'आमचा पोळा' हा लेख आला होता. या वेळी गुरुजी म्हणाले, "तू हेलिकॉप्टरवर लिही. पण नुसती गंमत लिहू नको. ते कसे घ्यायचे, कसे जोडायचे, कसे उडवायचे हे लिही. म्हणजे दुसऱ्याचे पैसे वाया जाणार नाहीत." म्हणून मी हा लेख लिहीत आहे. लेख मोठा झाला आहे. मधल्या सुट्टीत अर्धा वाचा आणि उरलेला उद्या वाचा.

आमच्या गावाचे नाव अड्याळ. ते भंडारा जिल्ह्यात पवनी तालुक्यात आहे. भंडाऱ्याहून पवनीला जाणारी एस. टी. आमच्या गावावरून जाते. आमच्याकडे धान पिकतो. माझे बाबा शेती करतात आणि शेतीचे काम नसले की गवंड्याच्या हाताखाली जातात. घरी आई, बाबा, आबाजी, आजी, लहान बहीण आणि मी असे सहाजण आहोत.

मला हेलिकॉप्टरचे वेड कसे लागले

२०२४ साली नोव्हेंबर महिन्यात विधानसभेची निवडणूक होती. तेव्हा सभेसाठी एक पुढारी हेलिकॉप्टरने येणार होते. मैदानात चुन्याचा मोठा गोल काढला होता. आबाजी मला सायकलवर बसवून घेऊन गेले. हेलिकॉप्टर खाली आले तेव्हा इतकी धूळ उडाली की सगळ्यांनी डोळे मिटून घेतले. आबाजीचा दुपट्टा उडून बाभळीच्या काट्यात अडकला. सगळे लोक पुढाऱ्याकडे पाहत होते. मी मात्र वरच्या पात्यांकडेच पाहत होतो.

घरी येताना मी विचारले, "आबाजी, एवढं जड हेलिकॉप्टर वर कसं जाते जी?" आबाजी म्हणाले, "तुह्या गुरुजीले इचार. मले येवढंच समजते का त्यानं माहा दुपट्टा नेला."

दुसऱ्या दिवशी मी गुरुजींना विचारले. गुरुजी म्हणाले, "दुपट्टा का उडाला? कारण पाती हवेला खाली ढकलतात. हवा खाली ढकलली की पाती वर ढकलली जातात. तू नदीत पोहताना पाणी मागे लोटतोस आणि पुढे जातोस. तसेच हे." हा नियम न्यूटन नावाच्या शास्त्रज्ञाने १६८७ साली आपल्या पुस्तकात लिहिला. तेव्हा विमान नव्हते आणि हेलिकॉप्टरही नव्हते. तरी नियम तोच लागू होतो.

पैशाचा हिशेब

तेव्हापासून मला हेलिकॉप्टर पाहिजे होते. मी आईला म्हटले. आजीने ते ऐकले. आजी म्हणाली, "पैशे का झाडाले लागते?" मी म्हटले, "आजी, मोहाच्या झाडाले लागतेत ना." तेव्हा सगळे हसले. पण ते खरेच झाले.

चैत्रात आमच्याकडे मोहफुले पडतात. पहाटे उठून टोपली घेऊन जावे लागते. उशीर झाला की गाई आणि बकऱ्या फुले खाऊन टाकतात. मी आजीबरोबर रोज गेलो. फुले वेचली, अंगणात वाळवली. ती विकली तेव्हा आजीने माझ्या वाट्याचे ३४० रुपये दिले. तान्ह्या पोळ्याला मी लाकडाचा नंदी घेऊन घरोघर गेलो. त्याचा बोजारा १६० रुपये झाला. आबाजीने ५० रुपये दिले. असे माझ्याजवळ ५५० रुपये जमले.

नागपूरला माझे मामाजी राहतात. ते मोटारीचे वाइंडिंग करतात. पाण्याच्या मोटारी जळाल्या की त्या दुरुस्त करतात. त्यांनी फोनवर सांगितले की चांगले लहान हेलिकॉप्टर ९५० रुपयांना येते. म्हणजे ४०० रुपये कमी होते. मामाजी म्हणाले, १०० मी टाकतो. उरले ३००.

मी दोन दिवस कोणाला काही बोललो नाही. तिसऱ्या दिवशी आईने पदराची गाठ सोडली आणि ३०० रुपये माझ्या हातावर ठेवले. ती म्हणाली, "हे एका रोज्याच्या रोवणीचे पैशे हायेत. चांगला पाहून घेजो."

मित्रांनो, रोवणी तुम्हाला माहीतच आहे. दिवसभर बांधीत चिखलात वाकून पऱ्हे लावावे लागतात. वरून पाऊस येतो. संध्याकाळी आई घरी आली की कमरेला हात लावून बसते. हे पैसे हातात घेतल्यावर मला आनंद झाला आणि थोडी भीतीपण वाटली.

कोणते हेलिकॉप्टर घ्यावे

दिवाळीच्या सुट्टीत मी नागपूरला गेलो. इतवारीत मामाजींनी मला दुकाने दाखवली. तेथे पुष्कळ हेलिकॉप्टरे होती. सगळ्यांवर रिमोट होता. पण मामाजी म्हणाले, "रिमोट रिमोटमध्ये फरक असतो." तो फरक मी तुम्हाला सांगतो.

रिमोट दोन प्रकारचे असतात. पहिला प्रकार टीव्हीच्या रिमोटसारखा. त्यातून डोळ्याला न दिसणारे किरण निघतात. त्यांना अवरक्त किरण म्हणतात. हे किरण उजेडासारखे सरळ जातात. मध्ये कोणी उभे राहिले की अडतात. उन्हात तर ते उन्हाच्या किरणांत हरवतात, कारण उन्हातसुद्धा अवरक्त किरण असतात. माझ्या आतेभावाने यात्रेतून असे हेलिकॉप्टर घेतले होते. ते घरात उडत होते. अंगणात आणले की धपकन पडत होते. त्याला वाटले की हेलिकॉप्टर बिघडले. ते बिघडले नव्हते. ते ऊन होते.

दुसरा प्रकार रेडिओचा. आकाशवाणीच्या लहरी जशा दूरवर जातात तशा लहरी या रिमोटमधून निघतात, पण थोड्या अंतरापर्यंतच. त्या मध्ये माणूस आला तरी सहसा थांबत नाहीत आणि उन्हाला भीत नाहीत. खोक्यावर '२.४ गिगाहर्ट्झ' असे लिहिलेले असते. म्हणजे लहरी एका सेकंदात २४० कोटी वेळा कंप पावते. गुरुजींनी फळ्यावर हा आकडा लिहिला तेव्हा आठ शून्ये द्यावी लागली.

आता दुकानात ओळखायचे कसे? मामाजींनी एक युक्ती दाखवली. रिमोटचे तोंड मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरायचे आणि कळ दाबायची. रिमोट किरणांचा असला तर पडद्यावर पुढच्या बल्बात जांभळट उजेड दिसतो. आपल्या डोळ्याला मात्र तेथे काहीच दिसत नाही. घरी टीव्हीच्या रिमोटवर तुम्ही हा प्रयोग करून पाहा. काही मोबाइलमध्ये दिसत नाही, तेव्हा दुसरा मोबाइल घ्यावा.

मी रेडिओचे घेतले. त्याची लांबी माझ्या एका वितीपेक्षा थोडी जास्त आहे. ते इतके हलके आहे की तळहातावर ठेवले तर पाखरू बसल्यासारखे वाटते. दुकानात या गोष्टी पाहून घ्या:

१. एकाच दांड्यावर वर एक आणि खाली एक अशा पात्यांच्या दोन जोड्या आहेत का. शिकणाऱ्याने असेच घ्यावे. कारण पुढे सांगितले आहे.

२. जास्तीची पाती खोक्यात आहेत का. ती नसतील तर घेऊ नये. पाती तुटतातच.

३. दुकानदाराला एकदा उडवून दाखवायला सांगावे. लाजू नये.

४. रिमोटचे सेल खोक्यात आहेत का. माझ्या खोक्यात नव्हते. चार सेलचे ६० रुपये वेगळे लागले. ते मामाजींनी दिले. म्हणून हिशेब करताना सेलचेही पैसे धरावे.

दोन पाती कशाला?

ही गोष्ट मला सगळ्यात जास्त आवडली. मुख्याध्यापकांच्या खोलीत एक फिरती खुर्ची आहे. गुरुजींनी मला त्या खुर्चीवर बसवले आणि म्हटले, "पाय उचल. आता दोन्ही हात एकदम उजवीकडे फिरव." मी हात उजवीकडे फिरवले तर खुर्ची डावीकडे फिरली! तीन वेळा केले. तीनही वेळा तसेच झाले.

हेलिकॉप्टरचेही असेच होते. वरची पाती एका बाजूला फिरली की खालचे धड उलट बाजूला फिरू लागते. मग आत बसलेल्या माणसाला भोवळ येईल. यावर दोन उपाय आहेत.

पहिला उपाय म्हणजे शेपटीला एक लहान उभा पंखा लावणे. तो शेपटीला बाजूने ढकलतो आणि धड फिरू देत नाही. सिकॉर्स्की नावाच्या इंजिनिअरने १९३९ साली अमेरिकेत असे हेलिकॉप्टर उडवून दाखवले. पहिल्यांदा उडवताना त्याने ते दोरीने जमिनीला बांधून ठेवले होते. आजची पुष्कळशी हेलिकॉप्टरे याच पद्धतीची आहेत. आपल्या देशात बंगळूरला हिंदुस्थान एरोनॉटिक्स कारखान्यात चेतक आणि ध्रुव ही हेलिकॉप्टरे तयार झाली. त्यांनाही शेपटीला पंखा आहे.

दुसरा उपाय म्हणजे एकाच दांड्यावर पात्यांच्या दोन जोड्या लावणे. वरची जोडी एका बाजूला फिरते आणि खालची दुसऱ्या बाजूला. दोघींचे ढकलणे एकमेकींत मिटून जाते. धड स्थिर राहते. आपल्या नौदलाकडे कामोव्ह नावाची रशियाची हेलिकॉप्टरे आहेत, ती अशी आहेत. माझेही तसेच आहे.

मग ते वळते कसे? रिमोटची दांडी डावीकडे केली की एक जोडी थोडी जोरात आणि दुसरी थोडी हळू फिरते. दोघींचे बळ सारखे राहत नाही, म्हणून धड वळते. सोडली की पुन्हा सारखे होते.

सगळ्यात वर एक आडवी काडी आहे. तिच्या दोन्ही टोकांना वजन आहे. ती भोवऱ्यासारखे काम करते. भोवरा जोरात फिरत असला की पडत नाही. तशीच ही काडी फिरताना आपली जागा सोडत नाही आणि पात्यांना तिरपे होऊ देत नाही. आतमध्ये एक बारीक यंत्रपण आहे. धड आपोआप वळू लागले की त्याला ते समजते आणि ते मोटारींना सांगते.

शेपटीला एक लहान पंखा आहे, पण तो आडवा आहे. तो शेपटी वर उचलतो. शेपटी वर गेली की नाक खाली होते आणि हेलिकॉप्टर पुढे जाते. उलटा फिरला की मागे येते.

पहिल्यांदा कसे सुरू करावे

घरी आणल्यावर घाई करू नये. मी घाई केली होती. ते पुढे सांगतो. आधी नीट पद्धत वाचा.

पहिले काम बॅटरी भरणे. हेलिकॉप्टरच्या पोटात नखाएवढी जाड बॅटरी असते. ती लिथियमची असते, ३.७ व्होल्टची. सोबत एक वायर मिळते. तीच वायर वापरावी. माझी बॅटरी भरायला ४० मिनिटे लागतात आणि उडते ६ मिनिटे. आबाजी म्हणतात, "हा तं बैलापेक्षा आळशी हाये. खाते जास्त, चालते कमी."

बॅटरी फरशीवर किंवा दगडावर ठेवून भरावी. गादीवर, तणसाजवळ, कपड्यांत ठेवू नये. लावून कोठे जाऊ नये. झोपताना लावू नये. उडवून आणल्यावर ती गरम असते, म्हणून १५ मिनिटे थंड होऊ द्यावी आणि मगच लावावी.

एक गोष्ट फार महत्त्वाची आहे. माझ्या आतेभावाची बॅटरी हेलिकॉप्टर आपटून आपटून पुरीसारखी फुगली होती. तो ती आमच्या घरी घेऊन आला. आजीने कचरा समजून ती चुलीत टाकायला घेतली. मी ओरडलो, "आजी, टाकू नको!" आजी दचकली. मामाजींनी मला सांगितले होते की फुगलेली लिथियमची बॅटरी विस्तवात टाकली किंवा टोचली तर भडका उडतो. मग बाबांनी ती वाळू भरलेल्या डब्यात ठेवली, बाहेर सांदवाडीत नेऊन ठेवली आणि नंतर मामाजींकडे पाठवली. मित्रांनो, जुना मोबाइल असो की खेळणे असो, त्याची बॅटरी चुलीत किंवा शेकोटीत कधीच टाकू नका. घरी आजीला आणि लहान भावंडांनाही सांगून ठेवा.

दुसरे काम पाती तपासणे. पाती वाकलेली नसावी. वरची आणि खालची पाती वेगळी असतात. त्यांच्यावर बारीक अक्षरात खूण असते. त्यांची अदलाबदल करू नये. पात्याचा स्क्रू फार घट्ट करू नये. हेलिकॉप्टर आडवे धरले तर पाते आपल्या वजनाने थोडे लोंबले पाहिजे. फिरताना ते आपोआप सरळ होते.

तिसरे काम जोडी जमवणे. रिमोटची आणि हेलिकॉप्टरची ओळख करून द्यावी लागते. नाही तर शेजारच्या रिमोटचे हुकूम आपले हेलिकॉप्टर पाळेल. माझ्या हेलिकॉप्टरची पद्धत अशी आहे: उडवायची दांडी पूर्ण खाली ठेवावी. हेलिकॉप्टर सपाट फरशीवर ठेवून त्याचे बटन सुरू करावे. दिवा लुकलुकतो. मग रिमोट सुरू करावा. दांडी एकदा पूर्ण वर आणि पुन्हा पूर्ण खाली करावी. लुकलुकणे थांबले की जोडी जमली. या वेळी हेलिकॉप्टरला हलवू नये. आतले यंत्र याच वेळी ठरवते की 'स्थिर' म्हणजे काय. हलवले तर ते चुकीचे शिकते. काही हेलिकॉप्टरांत आधी रिमोट सुरू करावा लागतो, म्हणून सोबतचा कागद वाचावा. आमचा कागद इंग्रजी होता. गुरुजींनी वाचून दिला.

चौथे काम सरळ करणे. थोडेसे उडवले की हेलिकॉप्टर आपोआप गोल फिरू लागते. घाबरू नये. ते डावीकडे फिरत असेल तर रिमोटवरची लहान कळ उजवीकडे थोडी थोडी दाबावी. उजवीकडे फिरत असेल तर डावीकडे दाबावी. फिरणे थांबले की झाले. वजनकाट्याची पारडी सारखी करतात ना, तसेच हे आहे.

घरात कोठे आणि कसे उडवावे

हे हेलिकॉप्टर बाहेर उडवू नये. ते इतके हलके आहे की वाऱ्याची झुळूक आली तर कवेलूवर जाऊन बसते. घरातही पंखा बंद करावा. आमच्या सपरीत जागा मोठी आहे, म्हणून मी तेथेच उडवतो.

जमिनीजवळ हेलिकॉप्टर थरथरते. कारण खाली ढकललेली हवा फरशीला लागून परत वर येते आणि त्याला हलवते. नवीन माणूस भिऊन दांडी सोडतो आणि ते कलंडते. म्हणून दांडी हळूच वर नेऊन ते गुडघ्याच्या वर आणावे. तेथे ते शांत होते. फार वरही नेऊ नये. छताजवळ गेले की ते वर ओढल्यासारखे होते आणि छताला चिकटते. भिंतीजवळही नेऊ नये.

आधी फक्त वर जाणे आणि खाली येणे शिकावे. ते आले की जागेवर वळणे शिकावे. पुढे जाणे शेवटी शिकावे. हेलिकॉप्टरचे नाक आपल्याकडे आले की डावे उजवे उलटे होते. तेव्हा गडबड होते. म्हणून सुरुवातीला शेपटी आपल्याकडे ठेवावी.

पाते कशालाही लागले तर दांडी लगेच पूर्ण खाली करावी. पाते अडकलेले आणि मोटार सुरू असे झाले की मोटार जळते. मामाजी रोज अशा जळालेल्या मोटारी पाहतात. फक्त त्या मोठ्या असतात.

लहान मुलांना दूर बसवावे. डोळे सांभाळावे. लांब केस बांधून ठेवावे. माझी बहीण खाटेवर बसून पाहते आणि टाळ्या वाजवते.

माझी चूक

आता घाईची गोष्ट सांगतो. नागपूरहून आलो त्याच रात्री मी सगळे झोपल्यावर सपरीत हेलिकॉप्टर उडवले. कळ सरळ केली नव्हती. पंखाही सुरू होता. हेलिकॉप्टर गोल फिरत गेले आणि धानाच्या पोत्यावर आपटले. खालचे एक पाते मधून तुटले.

मला रडू आले. पण आवाज केला नाही. हेलिकॉप्टर खोक्यात ठेवले आणि खोके पोत्यामागे लपवले. दुसऱ्या दिवशी आईने विचारले, "उडवून नाई दाखवलंस?" मी म्हटले, बॅटरी भरली नाही. तिसऱ्या दिवशीही तेच सांगितले. मला जेवण जात नव्हते. आई पाणी भरायला वाकली की मला ते ३०० रुपये आठवत होते. बाहुलीएवढे हेलिकॉप्टर आणि दिवसभराची रोवणी. आणि मी ते एका मिनिटात तोडले होते.

चौथ्या दिवशी आई पोती झाडायला गेली आणि तिला खोके सापडले. मी दाराजवळ उभा होतो. वाटले आता मार बसणार. आईने खोके उघडले, तुटलेले पाते हातात घेतले आणि म्हणाली, "तुटला त सांगाचं. लपवाचं कायले?"

मी काहीच बोललो नाही. ती म्हणाली, "बांधीत पऱ्हा मोडते. त का बांधी टाकून देतो आपन? दुसरा लावतो."

मग आम्ही दोघे फरशीवर बसलो. खोक्यात जास्तीची पाती होतीच. स्क्रू तिळाएवढा होता. माझा हात थरथरत होता. आईने मोबाइलचा उजेड धरायला मला सांगितले आणि स्क्रू तिने फिरवला. खालच्या पात्याची खूण मी वाचली. तिने बरोबर तेच पाते लावले. बाबा चष्मा शोधेपर्यंत आमचे काम झाले होते.

मी कागदात सांगितल्याप्रमाणे सगळे केले. पंखा बंद केला. जोडी जमवली. कळ सरळ केली. मग रिमोट आईच्या हातात दिला. ती म्हणाली, "मले नाई येत बा." मी म्हटले, "फक्त ही दांडी वर करायची. हळू." आईने दांडी इतकी हळू वर केली की हेलिकॉप्टर आधी नुसते थरथरले, मग उठले आणि गुडघ्याच्या वर येऊन थांबले. एकाच जागी! माझ्याकडून ते आजवर इतके स्थिर राहिलेले नाही. आजी दारातून पाहत होती. ती म्हणाली, "पैशे उडून रायले पाहा." सगळे हसले. आई पण हसली.

नंतर मी आईला कधी खोटे बोललो नाही. म्हणजे हेलिकॉप्टरबद्दल बोललो नाही.

मंगळावरचे हेलिकॉप्टर

मी हे सगळे वर्गात सांगितले तेव्हा गुरुजींनी आणखी माहिती दिली. खेळण्यातले रेडिओचे हेलिकॉप्टर १९७० च्या सुमारास जर्मनीत श्ल्युटर नावाच्या माणसाने नीट उडवले. ते मोठे होते आणि इंजिनावर चालायचे. बॅटरी आणि मोटारी बारीक झाल्या तेव्हाच ते घरात आले. २००६ साली हाँगकाँगच्या एका कंपनीने फक्त १० ग्रॅमच्या जवळपास वजनाचे हेलिकॉप्टर बाजारात आणले. बेल्जियमच्या एका माणसाने ते तयार केले होते. त्याचा रिमोट मात्र किरणांचा होता.

आणि सगळ्यात मोठी गोष्ट. १९ एप्रिल २०२१ रोजी मंगळावर एक लहान हेलिकॉप्टर उडाले. त्याचे नाव इंजेन्युइटी. वजन १.८ किलो. त्याचे मुख्य इंजिनिअर भारतात जन्मलेले बॉब बलराम हे होते. मंगळावर हवा फार विरळ आहे, आपल्या हवेच्या शंभराव्या हिश्शाएवढी. म्हणून त्याची पाती खूप जोरात फिरवावी लागली. पहिल्या वेळी ते ३ मीटर वर गेले आणि ३९ सेकंद उडाले. त्यालाही एकाच दांड्यावर पात्यांच्या दोन जोड्या होत्या. माझ्या हेलिकॉप्टरसारख्याच!

ते रिमोटने उडवता येत नव्हते. पृथ्वीवरून रेडिओची लहर तेथे पोचायला कित्येक मिनिटे लागतात. म्हणून हुकूम आधीच पाठवावे लागायचे आणि उडताना ते आपले आपण सांभाळायचे. ते एकूण ७२ वेळा उडाले. १८ जानेवारी २०२४ रोजी शेवटच्या वेळी उतरताना त्याचे पाते तुटले. तेथे जास्तीची पाती नव्हती आणि स्क्रू फिरवायला कोणाची आईपण नव्हती. ते अजून तेथेच उभे आहे.

आता आमच्याकडे शेतात फवारणीची ड्रोनही ऐकू येऊ लागली आहेत. ड्रोनला पंखे चार किंवा जास्त असतात, पण त्यातही काही एका बाजूला आणि काही दुसऱ्या बाजूला फिरतात. का, ते तुम्ही आता सांगू शकाल. २०२३ साली सरकारने महिला बचत गटांना ड्रोन देण्याची योजना सुरू केली. मी आईला म्हटले, "तू शिक. तुझा हात हळू आहे." आई म्हणाली, "आधी भात शिजू दे."

येत्या शनिवारी मी हेलिकॉप्टर शाळेत आणणार आहे. पाचव्या तासाला गुरुजी पंखा बंद करणार आहेत. बॅटरी ६ मिनिटेच चालते, म्हणून प्रत्येकाला उडवता येणार नाही. पहिला नंबर ज्यांनी हा लेख पूर्ण वाचला त्यांचा. मी प्रश्न विचारणार आहे: धड का फिरत नाही? बॅटरी चुलीत का टाकू नये? आणि पाते तुटले तर पहिल्यांदा काय करावे?

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर 'स्क्रू काढावा' हे नाही. घरी सांगावे, हे आहे.

— इयत्ता ४ थी